चुन्याच्या भट्टीतला जमाखर्च

दसरा जवळ आला की आपल्याकडे घरोघर झाडलोट आणि रंगरंगोटीची घाई उडते. चुन्याचे खडे आणायचे, पिंपात टाकायचे आणि वरून पाणी ओतायचे. मग काय होते, ते तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. खाली चूल नाही, जाळ नाही, तरी पिंपातले पाणी खदखदा उकळू लागते. वाफा निघतात. दगडासारखे टणक खडे बघता बघता फुटतात, फुगतात आणि त्यांचे पांढरे पीठ होते.

जाळ नसताना पाणी उकळले कसे? ही उष्णता आली कोठून?

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत शिकवले. हा प्रश्न आम्ही दरवर्षी मुलांना विचारत असू. मुले म्हणत, "गुरुजी, चुना गरम असतोय." पण खडा हातात घेऊन पाहा, तो गार असतो. पाणीही गार असते. दोन गार वस्तू एकत्र आल्या आणि उकळी फुटली. यात काहीतरी गोम आहे. ती गोम आज आपण समजून घेऊ. ती समजली म्हणजे नुसते कुतूहल भागेल असे नाही. घराची भिंत पक्की होईल आणि वेळप्रसंगी माणसाचा जीवही वाचेल. कसा, ते पुढे येईलच.

अणू आणि रेणू

एक खडीसाखरेचा खडा घ्या. फोडा. दोन तुकडे झाले. पुन्हा फोडा. कुटून पीठ करा. त्या पिठाचा बारीकात बारीक कण जिभेवर ठेवला, तरी तो गोडच लागतो. म्हणजे ती साखरच आहे. असे तुकडे करत गेलो, तर शेवटी साखरेचा असा एक कण येईल, की तो फोडला तर साखर राहणारच नाही. पदार्थाच्या या सर्वांत लहान कणाला रेणू म्हणतात.

रेणू फोडला तर काय निघते? त्याच्या आत अणू असतात. अनेक अणू एकमेकांना धरून बसले की रेणू होतो. घर पाडले तर विटा निघतात, पण एका विटेला आपण घर म्हणत नाही. तसेच हे आहे. रेणू म्हणजे घर आणि अणू म्हणजे विटा. अणूच्या आतही आणखी बारीक कण असतात. पण ती गोष्ट निराळी, ती आज नको.

हे कण किती लहान? डोळ्यांना दिसत नाहीत, साध्या दुर्बिणीतूनही दिसत नाहीत. एक हिशेब सांगतो. पाण्याचा एक थेंब घ्या. त्यातले रेणू जगातल्या सगळ्या माणसांना वाटायचे ठरवले. आज जगात ८०० कोटींहून जास्त माणसे आहेत. तरीही प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे वीस हजार कोटी रेणू येतील! एका थेंबात एवढी दाटी असते.

विटा किती जातीच्या? आजपर्यंत शास्त्रज्ञांनी अणूंच्या ११८ जाती मोजल्या आहेत. एकाच जातीच्या अणूंचा जो पदार्थ, त्याला मूलद्रव्य म्हणतात. सोने, चांदी, तांबे, लोखंड ही मूलद्रव्ये आहेत. लोणारी कोळसा म्हणजे बहुतेक कार्बन, तेही मूलद्रव्य. आपण श्वासात जो प्राणवायू घेतो, तो ऑक्सिजन. तेही मूलद्रव्यच.

मुळाक्षरे आपण शिकलो. ती पन्नासाच्या आतबाहेर आहेत. पण त्यांची जुळणी करून किती शब्द होतात! 'कमळ' हा शब्द घ्या. त्यातला 'क' काढून 'अ' घातला की निराळाच शब्द होतो. तसेच ११८ जातींच्या अणूंची जुळणी होऊन जगातल्या लाखो वस्तू झाल्या आहेत. माती, पाणी, ज्वारी, बैल आणि आपण स्वतः, सगळे त्याच अक्षरांनी लिहिलेले आहे.

मिसळणे निराळे, जुळणे निराळे

ज्वारीत तूर मिसळली तर काय होते? ज्वारी ज्वारीच राहते, तूर तूरच राहते. चाळणीने किंवा हाताने निवडून दोन्ही वेगळ्या करता येतात. मिसळताना एक पायली ज्वारीत एक मूठ तूर घाला, नाही तर दोन पायल्या घाला, आपली मर्जी. याला मिश्रण म्हणतात. पाण्यात मीठ विरघळले तरी तेही मिश्रणच. पाणी आटवले की मीठ तळाशी परत मिळते.

आता लोखंडाचा गंज पाहा. नांगराचा फाळ पावसात पडला आणि तांबडा झाला. तो तांबडा भुगा लोखंड नाही. लोखंडाच्या अणूंनी हवेतला ऑक्सिजन आणि पाणी धरून ठेवले, आणि तिसराच पदार्थ झाला. चाळा, पाखडा, धुवा, त्यातून लोखंड निघणार नाही. याला संयोग म्हणतात, आणि अशा संयोगाने झालेल्या पदार्थाला संयुग म्हणतात.

संयोग झाला की जुने गुण जातात आणि नवे येतात. पाण्याचेच बघा. पाणी दोन वायूंचे झाले आहे. हायड्रोजन हा भडकन पेट घेणारा वायू. ऑक्सिजन हा दुसऱ्याला जळायला मदत करणारा वायू. दोघांची जुळणी झाली, की जे पाणी होते ते आग विझवते! मिठाची कथा तर याहून नवलाची. सोडियम नावाचा एक मऊ धातू आहे. तो पाण्यात टाकला तर पेटतो, फुटतो. क्लोरीन हा विषारी वायू आहे. पहिल्या महायुद्धात १९१५ साली तो शत्रूच्या सैन्यावर सोडला होता आणि हजारो शिपाई त्यात सापडले. हे दोघे एकास एक असे जुळले की होते काय? आपल्या भाकरीबरोबरचे मीठ!

घरातलाच आणखी एक दाखला. लग्नात धोतराला किंवा लुगड्याला हळद लागते. त्या पिवळ्या डागावर साबण घासला की डाग लालभडक होतो. आयाबाया घाबरतात. पण त्यावर लिंबू पिळले की तो पुन्हा पिवळा होतो. हळदीच्या रंगाच्या रेणूतून साबण किंवा चुना हायड्रोजनचा अणू काढून घेतो, म्हणून रंग बदलतो. लिंबू तो परत देते. हळदीला असेच खार घालून कुंकू करण्याची जुनी रीत आहे. तुळजापुरास देवीच्या दर्शनाला जाऊन आपण कुंकू घेऊन येतो. त्या जुन्या रीतीच्या कुंकवात हाच अणूंचा बदल झालेला असतो.

आणखी एक नियम ध्यानात धरा. मिश्रणात मर्जी चालते, संयोगात चालत नाही. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोनच अणू आणि ऑक्सिजनचा एकच अणू. तेरणा नदीचे पाणी असो, विहिरीचे असो की पावसाचे. ही जुळणी कधी बदलत नाही.

चुन्याचा हिशेब

हायड्रोजनचा अणू सर्वांत हलका. त्याचे वजन १ धरले, तर कार्बनच्या अणूचे वजन १२ येते, ऑक्सिजनचे १६ आणि कॅल्शियमचे ४०. कॅल्शियम हा धातू आहे. आपल्या हाडांत तो आहे, दुधात आहे आणि चुन्यातही आहे. एवढे चार आकडे पाठ केले की चुन्याचा सगळा जमाखर्च मांडता येतो.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात दगड आहे तो काळा. चुन्याचा दगड डोंगरात मिळत नाही. पण काळ्या रानात आणि ओढ्याच्या काठाला पांढुरके, गाठीगाठीचे खडे सापडतात. तीच चुनखडी. जुन्या काळी ती वेचून आणत, कोळशाबरोबर भट्टीत रचत आणि भाजत. मग बैल जुंपून चुन्याच्या घाणीत तो चुना वाळूबरोबर मळत. जुन्या वाड्यांच्या भिंती त्या चुन्यात बांधलेल्या आहेत.

चुनखडीत एका कॅल्शियममागे एक कार्बन आणि तीन ऑक्सिजन असतात. ४० अधिक १२ अधिक तीन वेळा १६, म्हणजे ४८. बेरीज झाली १००. आपण शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली असे धरू.

भट्टीत ती सुमारे ९०० अंशांपर्यंत तापते. मग तिच्यातून एक कार्बन आणि दोन ऑक्सिजन मिळून वायू होऊन निघून जातात. हा कार्बन डायऑक्साइड वायू. त्याचे वजन १२ अधिक ३२, म्हणजे ४४. शंभरातून चव्वेचाळीस गेले, राहिले ५६. भट्टीतून ५६ किलो कळीचा चुना बाहेर येतो. भट्टीवाले म्हणतात, "दगड भाजून हलका होतो." ते खरे आहे. ४४ किलो माल डोळ्यांदेखत हवेत गेला, पण तो दिसला नाही.

आता कळीच्या चुन्यावर पाणी ओतले. ५६ किलो चुना १८ किलो पाणी आपल्यात सामावून घेतो. हे पाणी नुसते भिजवत नाही, तर चुन्याशी जुळते. होतो ७४ किलो विरलेला चुना. जुळणी होताना उष्णता बाहेर पडते. भट्टीत आपण कोळसा जाळून जी उष्णता खर्ची घातली होती, तिच्यातलाच काही भाग या वेळी परत मिळतो. पिंपातले पाणी का उकळले, त्याचे उत्तर हे. ती उष्णता भट्टीतून उसनी आलेली होती.

पुढे तो चुना भिंतीला लागतो. हवेत कार्बन डायऑक्साइड थोडासा असतोच. चुना तो हळूहळू ओढून घेतो. ७४ किलो चुना ४४ किलो वायू घेतो आणि १८ किलो पाणी सोडून देतो. ७४ अधिक ४४, वजा १८. किती झाले? बरोबर १००! भट्टीत गेला तो दगडच पुन्हा भिंतीवर तयार झाला.

एवढ्या सगळ्या उलथापालथीत एकही अणू नाहीसा झाला नाही आणि एकही नवा जन्मला नाही. फक्त जोड्या बदलल्या. सावकाराची वही चुकेल, पण निसर्गाची वही चुकत नाही.

हे शोधून कोणी काढले? जोसेफ ब्लॅक नावाचा स्कॉटलंडमधला एक तरुण डॉक्टर होता. त्याने चुनखडी भाजण्याआधी तोलली, भाजल्यावर तोलली आणि घटलेले वजन हे वायूचे आहे असे दाखवले. १७५६ साली त्याने हे छापून प्रसिद्ध केले. त्या वायूला त्याने 'बांधलेली हवा' असे नाव दिले. पुढे फ्रान्समध्ये लाव्हाझिए याने बंद भांड्यांत पदार्थ जाळून, तोलून दाखवले, की जुळणीच्या आधीचे वजन आणि नंतरचे वजन सारखेच भरते. त्याचा ग्रंथ १७८९ सालचा. नंतर इंग्लंडात जॉन डाल्टन याने १८०८ साली अणूंचा सिद्धान्त मांडला. डाल्टन विणकराचा मुलगा. वयाच्या बाराव्या वर्षीच तो खेड्यातल्या शाळेत शिकवू लागला होता. आपल्याकडेही कणादांच्या वैशेषिक दर्शनात फार पूर्वी परमाणूचा विचार केलेला आहे. पण अणूचे वजन ताजव्याने ठरवण्याचे काम या अलीकडच्या लोकांनी केले.

भिंतीने काय प्यावे?

आपल्या जिल्ह्यात नळदुर्गचा किल्ला आहे. तेथे बोरी नदीवर दगडी धरण बांधून त्याच्या पोटात पाणीमहाल केला आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातले हे काम, सुमारे चारशे वर्षांपूर्वीचे. पावसाळ्यात नर-मादी धबधबा त्या धरणावरून कोसळतो. इतके पावसाळे अंगावर घेऊनही ते काम उभे आहे. दगडात दगड घट्ट बसवलेला आहे आणि चुन्याने सांधा धरला आहे. चुना हवेतला वायू पिऊन पुन्हा दगड झाला, हे त्याचे बळ.

मातीचे तसे नाही. चिखलात बांधलेली भिंत वाळते, एवढेच. पाणी उडून गेले, माती माती राहिली. ते मिश्रण आहे, संयोग नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. लातूर जिल्ह्यात किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यात सास्तूर व आसपासची गावे बसली. सुमारे आठ हजार माणसे गेली. ज्या घरांखाली ती चिरडली, त्यांच्या भिंती बहुतेक जाड दगडांच्या आणि चिखलात रचलेल्या होत्या. दोन्ही बाजूंचे दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते आणि माथ्यावर मातीचे जड माळवद होते. ही कारणेही होतीच. पण दगडाला दगड धरून ठेवणारे काही नव्हते, हेही एक कारण होते.

आता आपण सिमेंटची घरे बांधतो. येथे एक मोठी चूक गावोगाव दिसते. लोकांना वाटते, सिमेंट वाळून घट्ट होते. म्हणून गिलावा केला की दुसऱ्या दिवशी पाणी मारणे बंद! बंधूंनो आणि भगिनींनो, सिमेंट वाळून घट्ट होत नाही. ते पाण्याशी जुळून घट्ट होते. सिमेंटचे आणि पाण्याचे रेणू जुळत राहतात, हे काम अनेक दिवस चालते. मध्येच पाणी तुटले तर जुळणी अर्धवट राहते. वरून भिंत पक्की दिसते, पण नखाने खरवडली तर भुगा निघतो. म्हणून नवे बांधकाम निदान दहा दिवस ओले ठेवावे. स्लॅबवर वाफे करून पाणी भरावे. खांबांना ओले पोते गुंडाळावे. उन्हाळ्यात तर चुकूच नये. आपल्याकडे पाण्याची टंचाई असते, हे आम्ही जाणतो. पण पाणी नसेल तर बांधकाम पावसाळ्यानंतर काढावे, अर्धे पाणी पाजून घर बांधू नये. चुन्याला हवा हवी आणि सिमेंटला पाणी हवे, एवढे ध्यानात धरा.

पेवातले भूत

आता जिवाची गोष्ट.

आम्ही लहान असताना गावात धान्याची पेवे होती. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, आत ज्वारी. एका घरचे पेव फोडले. थोरला भाऊ आत उतरला. हाक मारली तर ओ नाही. धाकटा ओरडला, "आरं, दादा बोलंनात!" आणि तसाच आत उडी मारून गेला. तोही बोलला नाही. तिसरा उतरणार, तेवढ्यात एका म्हाताऱ्याने त्याचा दंड धरून त्याला मागे ओढले. म्हणून तो वाचला. दोघे भाऊ मात्र गेले. गावात बोलवा झाली, की पेवात भूत आहे. पुढे ते पेव बुजवून टाकले.

ते भूत नव्हते. ते आपले मघाचे ४४ होते.

ज्वारीचा दाणा जिवंत असतो. तोही श्वास घेतो. बंद पेवात दाणे आतला ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. हा वायू खाली का साचतो, तेही आता तुम्हाला काढता येईल. हवा बहुतेक नायट्रोजन आणि ऑक्सिजन या दोन वायूंची आहे. नायट्रोजनच्या रेणूचे वजन २८, ऑक्सिजनच्या रेणूचे ३२. दोन्ही मिसळून सरासरी सुमारे २९ येते. कार्बन डायऑक्साइडचे वजन ४४. म्हणजे तो हवेच्या दीडपट जड. खड्ड्यात तो पाण्यासारखा तळाशी बसून राहतो. त्याला रंग नाही आणि माणसाला सावध करील असा वास नाही. माणूस त्यात उतरला की दोन-चार श्वासांतच शुद्ध हरपू शकते.

पेवे आता बहुतेक बुजली. पण जुन्या विहिरी आहेत, आड आहेत. उन्हाळ्यात गाळ काढायला माणसे उतरतातच. गोबरगॅसच्या टाक्या आहेत, संडासाच्या टाक्या आहेत. म्हणून हे नियम घरातल्या सर्वांना वाचून दाखवा :

१. बंद असलेले पेव किंवा फार दिवस न वापरलेला आड उघडला की लगेच उतरू नये. तोंड उघडे ठेवून भरपूर हवा खेळू द्यावी. जाणती माणसे एक दिवस तरी थांबत.

२. पेवात किंवा आडात आधी दोराने पेटता कंदील सोडावा. कंदील विझला तर आत मरण आहे असे समजावे. पण कंदील जळत राहिला म्हणून निर्धास्त होऊ नये. काही विषारी वायूंत कंदील जळत राहतो आणि माणूस मरतो.

३. गोबरगॅसच्या किंवा संडासाच्या टाकीजवळ कंदील, काडी, विडी काहीही नेऊ नये. तेथे पेट घेणारा वायू असतो, स्फोट होईल. आणि अशा टाकीत माणूस उतरवूच नये. संरक्षक साधनांवाचून माणसाला संडासाच्या टाकीत उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

४. विहिरीत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधावा. वर निदान दोघे-तिघे असावेत. विहिरीच्या आत डिझेलचे इंजिन चालवू नये.

५. आत कोणी पडला तर त्याच्यामागे उडी घेऊ नये. दोर असेल तर वरून ओढावे. नसेल तर ११२ किंवा १०८ या नंबरावर फोन करावा. श्वासाचे साधन लावून उतरणारी माणसे बोलवावीत.

पाचवा नियम सर्वांत अवघड आहे. आत आपला भाऊ पडला असता काठावर उभे राहणे सोपे नाही. पण मागे उडी घेऊन त्याला वाचवता येत नाही. त्याच घरातून आणखी एक तिरडी निघते, एवढेच. त्या म्हाताऱ्याला रेणू ठाऊक नव्हते, पण त्याने एका बाईचे कुंकू वाचवले.

एका अणूचा फरक

कार्बनच्या एका अणूशी ऑक्सिजनचे दोन अणू जुळले की कार्बन डायऑक्साइड होतो. तोच आपण श्वासात सोडतो. सोड्याच्या बाटलीत जो बुडबुडतो, तोही तोच. पण हवा अपुरी असली तर कोळसा नीट जळत नाही, आणि कार्बनला ऑक्सिजनचा एकच अणू मिळतो. त्याचा होतो कार्बन मोनॉक्साइड. एकाच अणूचा फरक! पण हा वायू फार विषारी. आपल्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारा जो पदार्थ आहे, त्याला हा घट्ट चिकटून बसतो आणि ऑक्सिजनला जागाच देत नाही. याला वास नाही. माणूस झोपेतच जातो.

हिवाळ्यात थंडी पडली की कोणी कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दारे-खिडक्या लावून निजतात. बाळंतिणीच्या खोलीत तर फटीसुद्धा बुजवतात. हे कधीही करू नका. शेक घ्या, पण खिडकी उघडी ठेवा, आणि निजण्यापूर्वी शेगडी बाहेर नेऊन ठेवा. डोके जड झाले, मळमळू लागले, तर लगेच मोकळ्या हवेत या.

शेवटी पुन्हा चुन्याकडे येऊ. पानाच्या चुन्याची पुडी किंवा नळी मुलांच्या हातात देऊ नये. ती दाबली की फुटते आणि चुना डोळ्यात उडतो. चुना डोळ्याच्या बुबुळाला जाळतो, दृष्टी जाऊ शकते. असे झाले तर तूप, दूध, मध काही घालू नये. लगेच डोळ्यावर स्वच्छ पाण्याची धार धरावी आणि चुन्याचे कण धुऊन काढावेत. एक-दोन तांबे नव्हे, चांगला अर्धा तास. मग तसेच दवाखान्यात न्यावे.

करून पाहा

चिमूटभर चुना पेलाभर पाण्यात ढवळा आणि रात्रभर ठेवा. सकाळी वरचे स्वच्छ पाणी अलगद दुसऱ्या पेल्यात काढा. ही झाली चुन्याची निवळी. तिच्यात नळीने हलकेच फुंकर घाला. नळीतून पाणी तोंडात ओढू नका. थोड्याच वेळात निवळी दुधासारखी पांढरी होईल. तुमच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने निवळीतला चुना धरला आणि चुनखडीचे बारीक कण तयार झाले. नळदुर्गच्या भिंतीत जे वर्षानुवर्षे चालले, ते तुमच्या पेल्यात घडले.

विचार करा आणि लिहा

१. ज्वारी आणि तूर एकत्र केली तर मिश्रण होते की संयुग?
२. ५० किलो शुद्ध चुनखडी भाजली तर कळीचा चुना किती किलो मिळेल?
३. नव्या भिंतीवर पाणी का मारतात?
४. आडात माणूस पडला तर काय करावे आणि काय करू नये?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून ठेवाच. पण घरी गेल्यावर ते मोठ्याने वाचूनही दाखवा.